लिफ्टजवळची जागा

२०२३ साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. कागदावर एकोणसत्तर आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं लिहिलं. शाळा मी चौथीपर्यंत केली. त्यामुळे हे लिहायला मला वेळ लागतो आहे. चुकलं तर चुकलं, कुणाकडून तपासून घेणार नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझा मेव्हणा आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला. नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या अंगाला आमची पाच मजली बिल्डिंग आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या. त्याची बायको आदल्या वर्षी गेली, मुलगा पुण्याला, म्हणून माझ्या बायकोनं त्याला हट्टानं जवळ आणलं. ती त्याला दादा म्हणते. बिल्डिंगमधले सगळे त्याला फौजी काका म्हणायला लागले, तेही पहिल्या आठवड्यात. मी बारा वर्षं तिथं राहतो. मला लोक 'ते रिक्षावाले काका' म्हणतात.

मेव्हणा होण्याआधी तो माझा दोस्त. सिन्नरकडची आमची गावं, मध्ये एक ओढा. विसाव्या वर्षी आम्ही दोघं देवळालीला भरतीला गेलो, एका सायकलवर. जाताना सायकल मी चालवली. धावण्यात मी त्याच्या पुढं होतो, हे तो आजही कबूल करतो. पण छाती मोजताना टेप धरणारा मला म्हणाला, फुगव. मी फुगवली. म्हणाला, अजून फुगव. आता अजून कुठून आणू? अर्ध्या इंचानं मी गेलो. याची छाती भरली, याला ठेवून घेतलं. येताना रिकामं कॅरियर घेऊन मी एकटा आलो.

पुढं तिसऱ्या वर्षी तो सुट्टीवर आला आणि बहिणीसाठी माझं नाव त्यानंच घरात काढलं. लग्नाआधी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. लग्न झालं त्या दिवसापासून तो मला 'दाजी, तुम्ही' म्हणायला लागला. मी आपला 'फौजी, तू'वरच राहिलो. त्याचं ते 'तुम्ही' मला कधी गोड लागलं नाही. वाटायचं, देणारा तो आहे म्हणून देतोय.

भरती झाल्यावर सात वर्षांनी तिकडं सरहद्दीवर सुरुंग फुटला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. ती बातमी आली तेव्हा मी ओट्यावर बसून रडलो. खरं रडलो. आणि रडता रडता मनात आलं, आता तर हा आणखीन मोठा होणार. झालंच तसं. गावात कमान लावली. पुढं सरकारी हापिसात नोकरी मिळाली. शाळेत झेंड्याला त्याला बोलावायचे, त्याच्यासाठी खुर्चीवर चादर टाकायचे. आमच्या घरात अंगाचा साबण, चहापावडर, थंडीतलं ब्लँकेट, सगळं त्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून यायचं. अंघोळ करताना सुद्धा त्याचंच नाव.

खाकी मीही घातली. अडतीस वर्षं स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा चालवली, छातीवर बिल्ला लावून. रात्री-अपरात्री बाळंतिणी पोहोचवल्या. एकीचं तर रस्त्यातच झालं. पण बिल्ल्याला कुणी सॅल्यूट करत नाही.

आता ती रिक्षा चालत नाही. परमिट परत केलं, मीटर काढून दिला. पण गाडी मी विकली नाही. बिल्डिंग झाली तेव्हापासून लिफ्टच्या समोर, पत्र्याखाली, ती उभी आहे. रोज सकाळी मी तिला फडक्यानं पुसतो, काच, हूड, सीट, सगळं. कागदावर ती जागा कुणाच्या नावाची नाही, सोसायटीची आहे. पण बारा वर्षांत तिथं दुसरं चाक लागलेलं नाही.

फौजीची स्कूटर म्हणजे मागं दोन्ही अंगांना जास्तीची चाकं लावलेली. तिच्यावर तो रोज सकाळी बाहेर पडायचा. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर त्याचे जुने फौजी जमतात, तिथं तासभर बसायचा, येताना बहिणीला मेथीची नाहीतर करडईची जुडी आणायचा. त्याला जागा मिळाली होती मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीजवळ. तिथून लिफ्टपर्यंत यायचं तर अख्खं आवार ओलांडायचं, त्यात मध्ये चढ. तो एका शब्दानं बोलला नाही. बोलली माझी बायको.

"दादाला ते झेपत नाय," ती म्हणाली. "परवा चढावर भिंतीला हात लावून उभा होता. मी गॅलरीतून बघितलं. त्याला लिफ्टजवळ जागा पाहिजे."

"लिफ्टजवळ जागा कुठं हाय?" मी म्हणालो.

ती गॅलरीतून खाली रिक्षाकडं बघायला लागली.

नंतर तिनं सांगितलं की दादा म्हणतोय, असंच राहिलं तर पुण्याला मुलाकडं जातो. "आठव्या मजल्यावर खोलीत बसून राहील," ती म्हणाली. "तिकडं गेला की परत यायचा नाय. मला माहेर म्हणून आता तो एकच राहिलाय."

माझ्या मनात आलं, जाऊ दे की. म्हणालो नाही.

सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, बँकेत आहे, सगळ्याला कागद मागतो. तो म्हणाला, "दिव्यांग माणसाला लिफ्टजवळची जागा देता येते. सोसायटी परवान्याचं पत्र देईल, स्टिकर देईल, जमिनीवर खूण पण रंगवून देईल. फक्त सरकारी दिव्यांग कार्ड पाहिजे."

"माझ्याकडं फौजेचे कागद आहेत," फौजी म्हणाला.

"ते पेन्शनसाठी झाले, काका. हे वेगळं."

फौजीनं चाळीस वर्षांत ते कार्ड काढलं नव्हतं. म्हणे, मला फौजेनं दिलंय तेवढं पुरे. बायको मला म्हणाली, "तुम्ही जा दादाबरोबर. तुम्हाला खिडक्या माहिती हायेत." ते मात्र खरं. परमिट, पासिंग, बिल्ला, यापायी माझं अर्धं आयुष्य सरकारी खिडक्यांसमोर गेलं. कुठल्या खिडकीवर आधी उभं राहायचं आणि कुठल्या वेळी साहेब जागेवर असतो, हे मला वास घेऊन कळतं. फौजीला हे येत नाही. तो खिडकीसमोर जाऊन सावधानमध्ये उभा राहतो आणि कुणी बोलवायची वाट बघतो.

सेवा केंद्रावर बसून फॉर्म भरला. फोटो, आधार, सगळं मी जमवलं. मग तारीख मिळाली आणि आम्ही सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. मी सवयीनं खाकी शर्ट घातला होता, माझे सगळे शर्ट तेच आहेत. फाइल माझ्या हातात. बाकावर जागा नव्हती. लोक पार जिन्यापर्यंत उभे. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत, पण त्याला कार्ड मिळत नाही.

रांगेतल्या कुणीतरी त्याला विचारलं, बाबा, पाय कशानं गेला? तो हळूच म्हणाला, फौजेत. झालं. एकजण बाकावरून उठला, दुसरा उठला, "या, इथं बसा साहेब." ज्या माणसाला स्वतःला एक हात नव्हता तोही उठला. फौजी नको नको म्हणत बसला. त्याच्या शेजारी जागा होती, तिथं एक बाई बसली आणि माझ्याकडं बघून त्याला म्हणाली, "हे तुमचे ड्रायव्हर का?"

फौजी हसला. म्हणाला, "हो की. चाळीस वर्षं यांच्याच रिक्षात मागं बसतोय."

बाई हसली. आजूबाजूचे हसले. मग तो म्हणाला, "दाजी आहेत माझे." पण तोवर हसून झालं होतं. मी फाइल छातीशी धरून उभा राहिलो. आत डॉक्टर त्याच्यासाठी खुर्चीवरून उठला, हात मिळवला. पाय बघितला, लिहिलं. मला म्हणाला, "फाइल इथं ठेवा आणि बाहेर थांबा."

त्या दिवशी येताना मी त्याच्याशी बोललो नाही. तो मागं बसून म्हणत होता, दाजी, तुम्ही नसता तर हे झालं नसतं. भाड्याच्या रिक्षात आम्ही दोघंही मागंच बसलो होतो, पण मला आपण पुढंच बसलोय असं वाटत होतं.

दीडेक महिन्यानं कार्ड आलं. सेक्रेटरीनं मला जिन्यात गाठलं.

"काका, आता काही अडचण नाही. फक्त लिफ्टजवळ तुमची रिक्षा आहे. तुम्ही दोन ओळी लेखी द्या की मी जागा सोडतो. मग मीटिंगची पण गरज नाही, मी उद्याच पत्र काढतो."

मला नाही म्हणायचं नव्हतं. हो म्हणवतही नव्हतं. मी म्हणालो, "मिटिंगमध्ये ठेवा. सगळ्यांचं मत घ्या. उगाच उद्या कुणी बोलायला नको."

"अहो, कोण बोलणार?"

"ठेवा तरी."

रविवारी अकराला मिटिंग ठरली. शनिवारी मी फौजीकडं गेलो. तो बनियनवर बसून पेपर वाचत होता. मी म्हणालो, "उद्या कसा येणार?"

"कसा म्हणजे? लिफ्टनं खाली. समोरच तर आहे."

"तसं नको. लिफ्टनं उतरून खुर्चीत बसलास तर कुणाला कळणार तू कोण ते? ब्लेझर घाल. मेडलं लाव. सकाळी बाहेर जाऊन ये, स्कूटर टाकीजवळ लाव आणि तिथून सगळ्यांच्या समोरून चालत ये. ताठ. लोकांना दिसू दे फौजी काय असतो."

त्याचे डोळे चमकले. "आयडिया चांगली आहे, दाजी."

त्याच्या मनात काय आलं ते त्याला माहीत. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पन्नास वर्षं मी त्या माणसाला बघतोय. अंगावर मेडल असलं की तो लंगडत नाही.

रविवारी लिफ्टसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. सेक्रेटरीचं टेबल माझ्या रिक्षाला टेकवून ठेवलेलं. वीस-पंचवीस माणसं आली. माझी बायको बायकांमध्ये मागं बसली. पाण्याच्या, रंगाच्या गोष्टी झाल्या आणि मग टाकीकडून फौजी निघाला.

निळा ब्लेझर, इस्त्रीची पॅन्ट, छातीवर मेडलं, दोन्ही बूट आरशासारखे. चढावर सुद्धा पाऊल चुकलं नाही. खट खट खट, एका मापात. हात बाजूला. सगळे माना वळवून बघायला लागले. टेबलापुढं येऊन थांबला, टाच जुळवली, म्हणाला, "जय हिंद."

लोक टाळ्या वाजवायला लागले. आपोआप.

पहिल्या मजल्यावरचा एक पोट सुटलेला माणूस म्हणाला, "काका तर आपल्या सगळ्यांना रेसमध्ये हरवतील!" सगळे हसले.

सेक्रेटरीनं विचारलं, "काका, तुमच्या अर्जाचा विषय आहे. टाकीपासून चालत यायला काही त्रास होतो का?"

"नो प्रॉब्लेम, सर. एकदम फिट."

तिसऱ्या मजल्यावरची एक शिक्षिका आहे. ती म्हणाली, "अहो, पण त्यांचं कार्ड आहे ना? कार्डावर लिहिलंय ना सगळं? मग विचारता कशाला?"

"कार्ड आहे, मॅडम. पण ती जागा वापरात आहे." सेक्रेटरी माझ्याकडं वळला. "काका, तुमचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फौजीही. तो हसत होता, सहज.

मी म्हणालो, "मी काय बोलू? मेव्हण्याचा मामला. मिटिंग म्हणेल तसं."

आता मेव्हण्याच्या बाबतीत माणूस अवघडतो, असं लोकांना वाटलं असणार. कुणालाच वाईट व्हायचं नव्हतं. शेवटी पोट सुटलेला म्हणाला, काका सध्या इतके तंदुरुस्त आहेत, देव करो असेच राहोत, सहा महिन्यांनी परत बघू. हात वर झाले. सेक्रेटरीनं लिहून घेतलं. आणि एवढ्या मोठ्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून कपाटातून एक शाल आणली, कुणीतरी घरातून नारळ आणला, आणि फौजीचा सत्कार केला. फोटो काढले. फौजीनं दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. तो बोलला. देशाबद्दल बोलला. जागेबद्दल काही नाही.

जागा माझी राहिली. त्याचा माझा पन्नास वर्षांचा सामना, आणि पहिल्यांदा मी जिंकलो होतो. आणि तरी, खोटं कशाला लिहू, त्याच्या खांद्यावर ती शाल पडली तेव्हा मला त्या शालीचाही हेवा वाटला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बायकोनं डबा भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे दादाला देऊन या."

"तू जा की."

"मी नाय जात. तुम्ही जा." मग ताटली घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ब्लेझर घाल, तिकडून चालत ये, हे तुम्हीच सांगितलं ना त्याला?"

"कोण म्हणालं?"

"तोच. कौतुकानं सांगत होता. दाजींनी आयडिया दिली, म्हणाला."

मी डबा उचलला.

त्याचं दार लोटलेलं होतं. मी बेल न वाजवता आत गेलो. तो पलंगावर बसला होता, पॅन्ट गुडघ्यावर दुमडलेली. नकली पाय खुर्चीला टेकवून ठेवलेला, त्यात बूट तसाच, चकचकीत. आणि तो गुडघ्याखालच्या त्या उरलेल्या भागाला मलम लावत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो भाग कधी बघितला नव्हता. टोक लालभडक झालेलं, एका बाजूला कातडी सोलून आत ओलं दिसत होतं. चादर खराब होऊ नये म्हणून त्यानं खाली ती सत्काराची शाल घातली होती. तिला डाग पडलेले.

"या दाजी," तो म्हणाला आणि शालीचं टोक त्यावर ओढायला लागला. "बेल वाजवली असती तर पाय लावला असता."

"राहू दे. झाकू नको." मी डबा टेबलावर ठेवला. "कधीपासून हाय हे?"

"उन्हाळ्यात होतंच. आत घाम साचतो, घासतं. आज जरा जास्त झालं."

"मग तिथं बोलला का नाहीस? त्यानं तोंडावर विचारलं होतं तुला."

"सगळ्यांसमोर?" त्याला खरंच नवल वाटलं. "दाजी, मेडल लावून उभा होतो मी. मेडल लावून दुखतंय कसं म्हणायचं?"

मी खुर्चीत बसायला गेलो, तर तिथं त्याचा पाय. मग उभाच राहिलो. तो जे बोलला तेच मी शनिवारी धरून चाललो होतो, अगदी त्याच शब्दांत.

"गुरुवारी पोरगा गाडी घेऊन येतोय," तो म्हणाला. "सामान फार नाही. तुम्ही तिला सांगा. मला जमायचं नाही. ती रडायला लागली की मला काही सुचत नाही."

"सहा महिन्यांनी बघू म्हणालेत ते."

"अहो, कशाला? मला तुमची जागा मागायचीच नव्हती. तीच मागं लागली. तुमची रिक्षा तिथंच शोभते. रोज सकाळी तुम्ही तिला पुसता ना, मी वरून बघतो." त्यानं मलमाचं झाकण लावलं. "त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्हाला राग आला."

"कशाचा?"

"ड्रायव्हर म्हणाली ती बाई, त्याचा. मी चेष्टा केली, करायला नको होती." मग म्हणाला, "मला एकदा चालवायची होती तुमची रिक्षा. फार वर्षांपासून. तुम्ही स्टेशनच्या उतारावरून आणायचात ना, एका हातानं, दुसऱ्या हातात विडी. मी मागं बसून बघायचो. ब्रेक उजव्या पायाला असतो ना तिचा?"

"हो. उजव्याच."

"मग राहिलंच ते," तो म्हणाला, आणि डबा ओढून घेतला. झाकण काढून वास घेतला. "काय केलंय तिनं? वा, शेंगदाण्याची आमटी."

मी खाली आलो. जिन्यानं आलो, लिफ्टनं नाही. मला त्याचा राग येत होता. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, हिशेब मिटला असता. हा माणूस पाय सोलून बसलाय आणि आमटीचं कौतुक करतोय. इथंही माझ्या वरच. अर्धा इंच.

बायकोला मी गुरुवारचं सांगितलं. ती रडली नाही. नुसती गॅलरीत जाऊन बसली आणि पार अंधार पडेपर्यंत उठली नाही. मी वहीतला एक कागद फाडला आणि लिहायला बसलो. चार ओळींना मला तासभर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सेक्रेटरीची बेल वाजवली. तो दात घासत दारात आला. मी कागद पुढं केला. त्यानं ब्रश तोंडात धरून वाचला. त्यात मी लिहिलं होतं: लिफ्टजवळची जागा मी सोडली आहे. ती माझ्या मेव्हण्याला द्यावी. त्याला चालायला त्रास होतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

आत जाऊन चूळ भरून आला. म्हणाला, "काका, कालच ठराव झालाय."

"तुम्ही जिन्यात म्हणाला होता, मी लेखी दिलं तर मिटिंग लागत नाय."

"ते तेव्हा म्हणालो होतो."

"मग आता म्हणा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी हललो नाही. खिडकीसमोर उभं राहायची मला सवय आहे. शेवटी तो आत गेला, परवान्याचं पत्र छापून, सही-शिक्का मारून घेऊन आला, वर निळं स्टिकर. "हे मीटिंगला मला सांगावं लागेल," म्हणाला. मी म्हणालो, सांगा.

खाली आलो तर बायको रिक्षापाशी उभी होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मी मुद्दाम सांगितलं होतं त्याला. ब्लेझरचं."

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी काय करू?"

"पुढं बस. हँडल धर. मी मागून ढकलतो."

माझ्या सीटवर अडतीस वर्षांत ती कधी बसली नव्हती. पदर खोचून बसली, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. मी मागून खांदा लावला. टायरांत हवा कमी, बारा वर्षांची जागा, गाडी सुटता सुटेना. मग सुटली. उताराला लागल्यावर वेग आला तशी ती ओरडली, "अहो, हे दाबू का?"

"काय?"

"ब्रेक! पायातला!"

"दाब, दाब!"

टाकीजवळ भिंतीला रिक्षा लावली. तिथून फौजीची स्कूटर न्यूट्रलमध्ये हातानं ढकलत मी परत निघालो. चढावर माझे गुडघे बोलायला लागले. मी पावलं मोजली. मला वाटत होतं साठ-सत्तर असतील. एकशे चौतीस भरली.

स्कूटर लिफ्टसमोर पत्र्याखाली लावली. स्टिकर सरळ दिसतंय का बघून पुढच्या मडगार्डवर चिकटवलं, कोपरे अंगठ्यानं दाबले. मग वर बघितलं. चौथ्या मजल्यावर गॅलरीत तो उभा होता, कुबड्या घेऊन. त्यानं हात कपाळाला नेला. मी सॅल्यूट केला नाही. मला येत नाही आणि मी करणारही नाही.

खिशातून फडकं काढलं आणि स्कूटरची सीट पुसली.